एकही शब्द न वगळता

"खारा संपला" हे दोन शब्द गेल्या वर्ष-दीड वर्षात मी इतक्या ठिकाणी वाचले आणि ऐकले आहेत, की त्यांचा समाचार घेणे आता मला भाग आहे. गाण्याच्या चित्रफितीखाली ज्याला जे वाटेल ते त्याने लिहावे अशी सोय या काळाने करून ठेवली आहे. लिहिणाऱ्याने नाव सांगू नये, पुरावा देऊ नये, आणि कोणी उत्तर मागितलेच तर एक हसरे तोंड चिकटवून पसार व्हावे. अशा निनावी निवाड्यांना मी आयुष्यभर केराची टोपली दाखवत आलो. परंतु हा निवाडा ज्याच्याविरुद्ध झाला तो माणूस काही वर्षे आमच्या इमारतीच्या गच्चीवरील खोलीत भाड्याने राहत होता. त्याच्या आवाजाचे सगळे टप्पे मी माझ्या कानांनी, आणि पहिला टप्पा तर माझ्या इच्छेविरुद्ध, ऐकलेले आहेत. ज्याने ऐकले त्याने बोलावे, न ऐकणाऱ्याने गप्प बसावे, एवढा साधा नियम न्यायालयात पाळतात. तो बाहेरही पाळायला हरकत नसावी.

मी स्वतः भिवंडीच्या न्यायालयात लघुलेखक होतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून जे बोले ते उतरवून घेणे हे माझे काम. माणसे काय बोलतात यापेक्षा कशी बोलतात हे त्या खुर्चीवर बसून अधिक कळते. ही पात्रता मी केवळ एवढ्यासाठी नोंदवतो, की पुढे जे मत मांडणार आहे ते कोणत्या कानांचे आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असावे.

त्याचे खरे नाव कुंदन. गाव खारबाव. घरची खाडीकाठची भातशेती गेली आणि तिच्या जागी गोदामे उभी राहिली, ही या तालुक्यातल्या कितीतरी घरांची हकिगत त्याच्याही घराची होती, आणि तो ती कधी करुण करून सांगत नसे. वळ येथील एका मोठ्या गोदामात तो माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेख करी. उरलेल्या वेळात तो रॅप करी, म्हणजे तालावर यमके जुळवून बोले. त्या क्षेत्रात त्याने स्वतःचे नाव 'खारा' असे ठेवले होते. "मी गात न्हाय काका, मी बोलतंय," हे तो इतक्या वेळा सांगे, की मीही पुढे पुढे "कुंदनचे नवे गाणे" असे म्हणण्याऐवजी "कुंदनचे नवे बोलणे" म्हणू लागलो.

आमच्या भागात खालच्या प्रत्येक गाळ्यात यंत्रमाग आहेत. त्यांचा खडखडाट इतका सततचा, की तो बंद झाला म्हणजेच कान टवकारतात. माग शुक्रवारी बंद असत. म्हणून कुंदनने साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची घेतली होती, आणि जो एक दिवस आम्हां रहिवाशांना शांतता म्हणून मिळे तो त्याच्या ध्वनिमुद्रणाचा दिवस झाला. खोलीच्या भिंतींना त्याने जुन्या गाद्या टांगल्या होत्या. त्या गाद्यांतून आवाज गाळून येत असे, थांबत नसे.

मी तक्रार केली. महानगरपालिकेकडे केली, पोलीस ठाण्याकडे केली, दोन्हींच्या प्रती वरिष्ठांकडे पाठवल्या. एक हवालदार जिन्याने वर आला, घाम पुसत म्हणाला, साहेब, आठवडाभर माग चालतात तेव्हा तुम्ही काही लिहीत नाही, आणि एका दिवशी एक पोरगा ओरडतो तर चार पानं. मी त्याला सांगितले, मागांविरुद्धचे अर्ज मी त्याच्या जन्माआधीपासून लिहीत आहे आणि त्यांवरची पोच माझ्याकडे आहे. तो पाणी पिऊन निघून गेला. कारवाई काही झाली नाही.

परंतु तक्रार नीट करायची तर काय ऐकू आले हे शब्दशः नमूद करावे लागते. "अर्वाच्य आरडाओरडा" असे मोघम लिहिणारा अर्जदार पहिल्याच सुनावणीत पडतो. म्हणून मी शुक्रवारी सकाळी खुर्ची जिन्याजवळ ओढून बसू लागलो आणि त्याचा एकेक शब्द लघुलिपीत उतरवू लागलो. ज्या आवाजाविरुद्ध मी पुरावा गोळा करत होतो त्या आवाजाचा त्या काळी भिवंडीत माझ्याइतका लक्षपूर्वक श्रोता दुसरा नसावा.

त्याचा पहिला आवाज उसना होता. हिंदी उसनी, राग उसना, घशातली खरखरही उसनी. मुंबईतल्या मुलांचे ऐकून त्याने छाती फुगवून बोलायची एक रीत उचलली होती, आणि त्या रीतीत तो स्वतःला भिवंडीचा शेर म्हणवून घेई, आपल्यावर तीनशे सातची केस आहे असे ठणकावून सांगे. हे ऐकून मात्र मला राहवेना. मी त्याला एक पत्र लिहून दाराखालून सरकवले. त्यात दोन मुद्दे होते. भिवंडी तालुक्यात सिंहाचे वास्तव्य असल्याची नोंद माझ्या माहितीत नाही. बिबट्या म्हटल्यास आक्षेप नाही. दुसरे असे, की जुन्या दंडसंहितेत कलम ३०७ हे खुनाच्या प्रयत्नाचे होते, परंतु नवीन न्याय संहिता लागू झाल्यापासून खुनाचा प्रयत्न कलम १०९ खाली गेला आहे, आणि सध्याचे ३०७ हे दुखापतीची तयारी करून केलेल्या चोरीचे आहे. तात्पर्य, तो दर शुक्रवारी स्वतःवर चोरीचा आरोप ठेवत होता.

संध्याकाळी दारावर टकटक झाली. काळा सदरा, गळ्यात साखळी, आणि हातात पांढरेशुभ्र बूट. आमच्या जिन्यावर पाणी साचे म्हणून तो बूट हातात घेऊन अनवाणी चढे आणि गच्चीवर पोहोचल्यावर घाली.

"काका, ह्यो कागद तुमी लिवला?"

मी होय म्हटले. तो उंबऱ्याशीच उभा राहून हसू लागला. म्हणाला, मग मी आजवर चोर म्हणून नाचत होतो की काय. एकशे नऊ बसवून पाहिले, पण तालात बसत नाही. मी त्याला विचारले की खरी केस कोणती आहे. प्रश्न विचारला की तो आधी स्वतःशी परत म्हणून पाहण्याची त्याला सवय होती. "खरी केस," तो म्हणाला, "खरी केस कंची. काय पन न्हाय काका. एकदा हेल्मेटची पावती फाटली." आणि मग, हसणे संपल्यावर, त्याने जो प्रश्न विचारला त्यामुळे मी त्याला आत बोलावून बसवले.

"मी खोटं बोलतंय ते आवाजात कलतं काय?"

कळते, मी म्हटले. साक्षीदार खोटे बोलू लागला की शब्द बरोबर येतात, परंतु श्वास चुकीच्या जागी येतो. त्याने मान डोलावली, चहा घेतला, आणि तीनशे सातचे गाणे पुन्हा कधी म्हटले नाही. माझी तक्रार मी मागे घेतली नाही. ती आजही प्रलंबित आहे.

यानंतर जो दुसरा आवाज आला त्याने त्याला नाव मिळवून दिले, आणि मला तो पहिल्याहून कमी आवडला. तो वेगाचा काळ. मराठी-हिंदी मिसळून, एका श्वासात बारा-पंधरा यमके कोंबून तो असा सुटे की ऐकणाऱ्याला धाप लागावी. मुले त्यावर वेडी झाली. हळदीच्या मांडवात डीजेवाले त्याला बोलावू लागले. आमच्या भागात हळद लग्नापेक्षा मोठी असते, आणि जनावरे दावे तोडतील एवढ्या आवाजात हा आठ-आठ स्पीकरच्या खोक्यांच्या भिंतीपुढे उभा राहून त्यावर मात करू पाही. मी एक-दोनदा ऐकायला गेलो. परत येताना त्याने मत विचारले तेव्हा मी स्पष्ट सांगितले, की घाईने बोलणारा साक्षीदार बहुधा पुढच्या प्रश्नाला घाबरलेला असतो. त्याला ते लागले. काही आठवडे त्याने मला जिन्यात नमस्कार केला, पण थांबून बोलला नाही.

त्याच्या चाहत्यांना आज जो 'जुना खारा' परत हवा आहे तो हा. त्यांच्या माहितीसाठी नमूद करतो, की हा जुना खारा गरम पाण्याच्या थर्मासवर जगत होता. सकाळी त्याच्या तोंडून शब्द निघेपर्यंत अर्धा जिना उतरून होई. शेवटी ठाण्याच्या घशाच्या डॉक्टरांनी त्याच्या स्वरतंतूंवर गाठी असल्याचे दाखवले आणि महिनाभर पूर्ण मौन सांगितले. नंतरही ओरडायचे नाही. ओरडलास तर बोलायलाही आवाज उरणार नाही, असे बजावले.

मौनाच्या त्या काळात तो मजेदार झाला होता. गोदामात तो मागे येणाऱ्या ट्रकांना हातवाऱ्यांनी आणि शिट्टीने सांभाळी. एका चालकाने खिडकीतून डोके काढून विचारले, "अरे भाई, गूँगा है क्या?" याने शांतपणे मान हलवून होय म्हटले. तो चालक खाली उतरला, याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि पुढे प्रत्येक खेपेला याच्यासाठी केळी आणू लागला. महिना संपत आला तसे याला पुढे तोंड कसे उघडावे याचीच लाज वाटू लागली. हे सगळे त्याने मला मोबाइलवर टंकून दाखवले, आणि मी वाचून हसलो तेव्हा हसण्याचाही आवाज न करता स्वतः डोळे पुसले.

याच महिन्यात खारबावला त्याच्या चुलतबहिणीचे लग्न निघाले. येथे त्याच्या आत्याची ओळख करून दिली पाहिजे. हिरूबाई ही धवलारीण. आमच्या या पट्ट्यात आगरी घरांतली लग्ने जुन्या रीतीने लागत तेव्हा प्रत्येक विधीला धवळे, म्हणजे त्या विधीची गाणी, गाणारी ही बाई असल्याशिवाय विधी पुरा होत नसे, आणि जिथे रीत टिकली आहे तिथे आजही होत नाही. हिरूबाई आणि तिची जोडीदारीण बारकूबाई या दोघी लग्ने लावीत. एकीने ओळ टाकायची, दुसरीने ती झेलून पुढची आपली ओळ म्हणायची. बारकूबाई त्याच वर्षी वारली. हिरूबाईने दुसरी जोडीदारीण घेतली नाही. तिने त्या लग्नात आपली ओळ म्हटली, आणि बारकूबाईची ओळ जेवढा वेळ चालली असती तेवढा वेळ ती गप्प बसली. मग पुढची आपली ओळ. असे सगळे धवळे.

मंडळी कंटाळली. छायाचित्रकाराने घड्याळ पाहिले, भटजींनी खाकरून पाहिले, कोणी म्हणाले म्हातारी विसरते आहे, हात धरून उठवा. कुंदन बोलू शकत नसल्यामुळे कोपऱ्यात बसून होता, आणि ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकण्यावाचून गत्यंतर नसते. त्याने नंतर मला सांगितले, की ती थांबली की त्याला बारकूबाईचा आवाज ऐकू येई; कानात नव्हे, पण पुढची ओळ हिरूबाई ज्या सुरावर उचले त्या सुरावरून. मधली ओळ कोणीतरी म्हटल्याशिवाय तो सूर तिथे पोहोचूच शकला नसता.

पुढे मी कुंदनबरोबर एकदा खारबावला गेलो तेव्हा त्या बाईंना भेटलो. "वकील सायेब, बसा," त्या म्हणाल्या. मी वकील नसल्याचे सांगितले. "कागद लिवता ना? मंग झालं," म्हणून त्यांनी तो विषय निकाली काढला. मी विचारले, की दोन्ही ओळी पाठ असताना त्या दुसरी ओळ स्वतः का म्हणत नाहीत. त्या सुपातले सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तिची ओल मी कशी बोलू? तिची हाय ती."

कुंदनचा तिसरा आवाज या मांडवातून आला.

तो खालच्या पट्टीतला होता. शेजाऱ्याशी बांधावर उभे राहून बोलावे तेवढाच मोठा. हिंदी गेली, छाती फुगवणे गेले, खारबावची बोली आली. जे शब्द तो आधी मित्रांसमोर म्हणायलाही लाजत असे ते आता निःसंकोच येऊ लागले. त्याने केलेल्या पहिल्या बोलण्याचे नाव 'बांद'. भरती आली, बांद भिजला. ओटी आली, बांद सुकला. शेत इकलं, बांद रायला. बांद कोनाचा, कोनी इचारला. शेतजमीन विकली जाते तेव्हा दोन खातेदारांमधल्या सामाईक बांधाचे काय होते, हा प्रश्न मी महसूल खात्याला आजवर अनेक वेळा विचारलेला आहे. त्याचे उत्तर मलाही मिळालेले नाही.

आणि प्रत्येक ओळीनंतर एक ओळभर जागा. नुसता ताल नव्हे, तालही थांबलेला. गच्चीवर त्याने मला ते पहिल्यांदा ऐकवले तेव्हा पहिल्या ओळीनंतर यंत्र बिघडले असे वाटून मी वायर पाहायला उठलो. त्याने माझा हात धरून खाली बसवले. दुसऱ्या वेळी मी बसून राहिलो. तिसऱ्या ओळीनंतरच्या जागेत मला खालच्या गल्लीतली सायकलची घंटा ऐकू आली, आणि मग त्याची चौथी ओळ त्या घंटेच्या नंतरच यायला हवी होती अशी आली. पन्नाशी उलटलेल्या गवयांमध्येही हा धीर मी क्वचित पाहिला आहे. एका वर्षापूर्वी एका श्वासात पंधरा यमके कोंबणारा हा माणूस आता कशालाच घाबरत नव्हता. श्वास अचूक जागी येत होता.

मी त्याला म्हटले, की आता साक्ष खरी वाटते. तो म्हणाला, "आत्येला कबूल केलंय. ह्याच्यात बारकू आत्येची जागा कोनी घेनार न्हाय." वाच्यार्थानेच तो बोलत होता. त्याच्या लेखी त्या मोकळ्या जागा गाण्याचा भाग नव्हत्या. त्या दुसऱ्या कोणाच्या मालकीच्या होत्या आणि तो त्यांचा राखणदार होता.

यानंतर त्याने जे केले ते मला विचारून केले असते तर हे लिहिण्याची वेळ आली नसती. मुंबईच्या एका संगीत कंपनीने 'बांद' त्याच्याकडून विकत घेतले. इंग्रजीतला करार त्याने गोदामात मोबाइलवर बोटाने सही करून दिला. मला दाखवला नाही, कारण, तो म्हणाला, "तुमी रागावला असता." मी रागावलो असतोच. वाचून रागावलो असतो, एवढाच फरक.

गाणे प्रसिद्ध झाले. कंपनीच्या संपादकाने सगळ्या मोकळ्या जागा काढून ओळी एकमेकींना चिकटवल्या होत्या आणि खाली एकसारखा ठोका घातला होता. ऐकणारा काही क्षण शांतता सहन करीत नाही, पुढच्या गाण्यावर जातो, असे त्यांचे म्हणणे. परिणाम असा झाला, की खालच्या पट्टीतला, न ओरडणारा, आणि आता विनाकारण घाईत असलेला एक आवाज तेवढा उरला. 'खारा संपला' हे लोकांनी ऐकले ते यावर. त्या बिनचेहऱ्याच्या न्यायाधीशांना मी विचारतो: तुम्ही जे ऐकले ते त्याने म्हटलेलेच नव्हते; मग तुम्ही निकाल कोणाविरुद्ध दिलात?

कुंदनला टीकेचे फारसे वाटले नाही. परंतु खारबावला कोणीतरी मोबाइलवर ते गाणे हिरूबाईंना ऐकवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि त्याच्याकडे पाहून विचारले, "बारकूला काढलंस काय रं?"

तो दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. बूट पायातच होते. हे एवढे सांगून तो म्हणाला, की काय लिहायचे ते लिहा, ती जागा परत पायजे.

कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार, कृती विकून टाकल्यानंतरही तिच्या कर्त्याला एक विशेष हक्क उरतो: त्याच्या कृतीची मोडतोड करून त्याच्या लौकिकाला बाध आणला गेला, तर तो हरकत घेऊ शकतो. मी कुंदनच्या नावाने पत्र लिहिले. आयुष्यात मी जी पत्रे लिहिली त्यांत ते सर्वांत आटोपशीर होते. मोकळी जागा हा कृतीचा अविभाज्य अवयव आहे, ती काढणे हे विद्रूपीकरण आहे, मूळ रूप तात्काळ प्रसिद्ध करावे, अन्यथा दाद मागितली जाईल.

कंपनीच्या वकिलांचे उत्तर आले. त्यातले एक वाक्य मला पाठ आहे, आणि मी ते विसरण्याचा प्रयत्नही करणार नाही: "आमच्या अशिलांनी सदर गीतातील एकही शब्द वगळलेला नाही."

हे खरे होते. इतके खरे, की मी ते उत्तर टेबलावर ठेवून खोलीत येरझाऱ्या घातल्या. शिवाय त्यांनी दाखवून दिले, की गायकाच्या सादरीकरणातील भाग संपादनासाठी केवळ वगळणे हे त्याच्या प्रतिष्ठेला बाधक मानू नये, असे स्पष्टीकरण त्याच कायद्यात पुढे जोडलेले आहे. मी प्रत्युत्तर लिहिले. प्रत्युत्तराला पुरवणी लिहिली. ज्या कायद्याला चोरलेली म्हैस दिसते, अतिक्रमण केलेला ओटा दिसतो, भिंतीतून आलेली फांदी दिसते, त्याला एका बाईची ओळ चोरीला गेलेली दिसत नसेल तर दिवाणी न्यायालयात दावा लावून ती दाखवली पाहिजे, असे माझे ठाम मत झाले. मसुदा तयार होता. कुंदनने फक्त सही करायची होती.

त्याने मसुदा पूर्ण वाचला. माझ्या आयुष्यातले जे थोडे लोक माझे लेखन पूर्ण वाचतात त्यांत तो होता. मग त्याने नेहमीप्रमाणे प्रश्न स्वतःशी म्हणून पाहिला. "दावा लावायचा. लावला. तारीख लागली. काका, जज सायेबांना ती जागा आयकवू कशी? तितं पंखा वाजतो."

त्या पंख्याखाली मी माझी सगळी नोकरी काढली. तो मला वाईट वाटू नये म्हणून पुढे म्हणाला, की आत्या दाव्याच्या निकालापर्यंत असेल कशावरून.

मी करार पुन्हा वाचायला घेतला. दाव्यासाठी नव्हे, संतापाने माणूस एखादी गोष्ट पुनःपुन्हा वाचतो तसा. त्यात ध्वनिमुद्रण कंपनीचे होते, शब्द कंपनीचे होते, चाल कंपनीची होती, पृथ्वीवरील व अंतराळातील सर्व माध्यमे कंपनीची होती. दुसरे ध्वनिमुद्रण करायला त्याला मनाई होती. परंतु लोकांसमोर उभे राहून स्वतःच्या तोंडाने ते म्हणणे कोणाच्याही नावावर लिहून दिलेले नव्हते. असल्या गोष्टीची कोणाला किंमत वाटली नसावी. मी त्याला तेवढे एक कलम, म्हणजे खरे तर त्या कलमाचा अभाव, समजावून सांगितला. तो म्हणाला, "म्हंजे उबं रायचं आनि बोलायचं. ते कोन कापू शकत न्हाय." मी म्हटले, कायद्याने नाही.

त्यानंतर त्याने ध्वनिमुद्रण सोडले. गच्चीवरची खोली सोडली. हळदीची बोलावणी त्याने आधीच बंद केली होती. जिथे जो बोलावील तिथे जाऊन तो 'बांद' म्हणे. पूजेला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला, एकदा तर वळच्या गोदामात जेवणाच्या सुट्टीत. बहुतेक ठिकाणी लोकांना वाटे तो ओळी विसरतो आहे. एका ठिकाणी आयोजकाने मधल्या जागेत येऊन हार घालून टाकला. चाहत्यांपैकी जे येत ते जुनी गाणी मागत. तो डॉक्टरांचे नाव पुढे करी, आणि ते खोटे नव्हते. आवाज मात्र, हे मी जबाबदारीने लिहितो, वर्षभरात आणखी उतरला, आणि उतरताना अधिक त्याचा झाला. आता त्यात यमकेही फार उरली नव्हती. एखाद्या माणसाने आपली सगळी आयुधे एकेक करून खाली ठेवावीत आणि तरी उभे राहावे, तसे ते होते.

मी त्याला शेवटचे पाहिले ते अंबाडीला. कबड्डीच्या सामन्यांचे उद्घाटन होते. उन्हे उतरली होती, मैदानावर पाणी मारून झाले होते, संघ बनियनवर अंग गरम करीत होते. हिरूबाईंना त्याने गाडी करून आणले होते. त्या बायकांच्या खुर्च्यांमध्ये पदर खांद्यावरून घेऊन बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी शेजारच्या बाईला सांगितले की ते आमचे वकील सायेब. मी दुरुस्त केले नाही.

कुंदन मंचावर आला तेव्हा ध्वनिव्यवस्थेच्या माणसाने उत्साहाने कंपनीचे ते गाणे मागे लावले. ठोका सुरू झाला. मुलांनी शिट्ट्या मारल्या. कुंदनने हात वर करून ते बंद करायला लावले आणि लोकांना नमस्कार करून, कसलीही साथ न घेता, पहिली ओळ म्हटली. मग तो थांबला. कोणीतरी ओरडले, "नेट गेला काय रं?" मोठा हशा झाला. तो हसला नाही, रागावलाही नाही. मान किंचित कलती करून, जेवढे थांबायचे तेवढे थांबला, आणि दुसरी ओळ म्हटली. दुसऱ्या जागेत निवेदक माइक घेऊन पुढे आला. कुंदनने त्याच्या मनगटावर हलकेच हात ठेवून त्याला तिथेच उभे केले. तो बिचारा पुढचा सगळा वेळ पाहुण्यासारखा शेजारी उभा राहिला. हिरूबाईंकडे मी पाहिले. त्या मंचाकडे पाहत नव्हत्या, मांडीवरच्या हातांकडे पाहत होत्या, आणि त्यांचे ओठ प्रत्येक जागेत मिटलेले होते.

मला भिवंडीची शेवटची सोयीची एसटी गाठायची होती. गाणे अर्ध्यावर असताना मी उठलो. वाडा रस्त्यावर कंटेनरची रांग लागली होती, भज्यांच्या गाड्यावर तेल कडकडत होते, कंडक्टर दारात उभा राहून भिवंडी, भिवंडी असे ओरडत होता. मैदानातून एक ओळ ऐकू आली आणि मग काही नाही. टाळ्या नाहीत, हशा नाही. गाणे संपले की तो थांबलेला आहे, हे एवढ्या अंतरावरून ठरवता येईना. कंडक्टरने मला विचारले, आजोबा, येताय की नाही. मी हात करून त्याला थांबवले आणि पायरीवर एक पाय ठेवून उभा राहिलो.

मग पुढची ओळ आली.